नाशिकहून स्कीइंगला जायचंय: गुलमर्ग की औली? बूट, कपडे, प्रवास याबद्दल माहिती हवी

मेघा_इंदिरानगर
नमस्कार मंडळी. जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही दोघं, नऊ वर्षांचा मुलगा आणि ६२ वर्षांच्या सासूबाई असे चौघं बर्फात जायचं म्हणतोय. नुसतं बर्फ बघून फोटो काढून यायचं नाही, नीट स्की शिकायचंय. सासूबाई स्की करणार नाहीत. त्यांना मधुमेह आहे, इन्सुलिन चालू आहे. गुलमर्ग घ्यावं की औली? किती दिवस लागतील? सामान इथून न्यायचं की तिथे भाड्याने मिळतं? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहा.

डोंगरवाट
मेघाताई, शिकायचंय म्हणताय तर पहिली गोष्ट: एकाच ठिकाणी किमान पाच दिवस बर्फावर, म्हणजे जाऊन-येऊन आठ-नऊ दिवस धरा. श्रीनगर, पहलगाम, सोनमर्ग, गुलमर्ग अशी सहा दिवसांची सहल घेतलीत तर स्की पायात जेमतेम दोन तास राहतील, तेही कुणीतरी हाताला धरून ओढत नेईल. पहिला दिवस बुटाची सवय होण्यातच जातो. वळायला यायला लागतं ते तिसऱ्या दिवशी.

आता जागा. गुलमर्ग सुमारे २,६५० मीटरवर, म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षा (१,६४६ मीटर) हजार मीटर वर. शिकायचे उतार गावालगतच, गोल्फ मैदानाच्या बाजूला आहेत. तिथे ओढून वर नेणाऱ्या छोट्या लिफ्ट आहेत. गंडोलाचा (म्हणजे केबल कारचा) पहिला टप्पा कोंगडोरीपर्यंत (सुमारे ३,१०० मीटर), दुसरा अफरवट डोंगराच्या खांद्यावर (सुमारे ३,९५० मीटर). नवशिक्याचं काम पहिल्या चार दिवसांत गावातल्या उतारावरच. ठीक जमलं तर पाचव्या दिवशी कोंगडोरीचा उतार.

औली २,५०० ते ३,०५० मीटरच्या पट्ट्यात. उतार एकसलग, रुंद आणि समोर नंदादेवी. गढवाल मंडल विकास निगमाचे ७ आणि १४ दिवसांचे कोर्स असतात, राहणं-जेवण-साहित्य त्यातच. मनापासून शिकणाऱ्याला ही व्यवस्था फार चांगली. अडचण पोहोचण्याची आहे. २०२३ च्या जानेवारीत जोशीमठच्या जमिनीला तडे गेल्यावर तिथून औलीला जाणारा रोपवे बंद केला, तेव्हा शेवटचा टप्पा घाटरस्त्यानेच धरून चाला. बर्फ पडलं की त्या वळणांवर साखळी लावलेली गाडी लागते.

सासूबाई बरोबर आहेत म्हणून माझं मत गुलमर्ग. त्यांना खोलीबाहेर पडलं की समोर बर्फ, बसायला जागा आणि दिवसभर करमायला काहीतरी मिळेल.

तारखेबद्दल एक. काश्मीरचा चिल्लई कलान, म्हणजे कडाक्याच्या थंडीचा काळ, २१ डिसेंबरपासून ४० दिवसांचा. जानेवारीअखेर ते फेब्रुवारीचा मध्य हा बर्फाचा भरवशाचा काळ समजतात, पण भरवसा पूर्वीसारखा राहिलेला नाही. २०२४ मध्ये जानेवारी संपत येईपर्यंत गुलमर्ग जवळजवळ कोरडं होतं. २०२५ मध्ये खेलो इंडिया हिवाळी स्पर्धेचा गुलमर्गचा टप्पा बर्फ कमी म्हणून फेब्रुवारीतून मार्चमध्ये ढकलावा लागला. शाळेची सुट्टी जुळत असेल तर फेब्रुवारीचा पहिला पंधरवडा घ्या आणि हॉटेल रद्द करता येईल अशाच अटीवर घ्या.

ओझरकर
प्रवासाचं मी सांगतो. ओझरहून (नाशिकचं विमानतळ) दिल्लीला थेट विमान आहे, दिल्लीहून श्रीनगर. पण दोन वेगळी तिकिटं काढून मध्ये तीन तासांचं अंतर ठेवलंत तर जानेवारीच्या धुक्यात ते अंतर गिळलं जातं, आणि वेगळ्या तिकिटावर पुढचं विमान चुकलं की पैसे गेले. एकतर एकाच पीएनआरवर काढा, नाहीतर दिल्लीत रात्र मुक्काम धरा. तिसरा मार्ग मुंबईहून थेट श्रीनगरचा. नाशिक-मुंबई १७० किलोमीटर, कसाऱ्याच्या घाटात ट्रक अडकला की हिशेब बिघडतो, म्हणून सकाळचं विमान असेल तर आदल्या रात्रीच निघा.

परतीला एक दिवस मोकळा ठेवाच. श्रीनगरला बर्फ पडलं की धावपट्टी साफ होईपर्यंत विमानं थांबतात, आणि जम्मूकडचा महामार्ग रामबन-बनिहाल पट्ट्यात दरडींनी बंद पडतो. २०२५ च्या जूनपासून कटरा-श्रीनगर वंदे भारत सुरू झाली आहे, हा आता तिसरा पर्याय हातात आहे. श्रीनगर विमानतळावर परतताना तीन तास आधी पोहोचा. फाटकाबाहेरच गाडीतून सगळं सामान उतरवून तपासतात, तिथे रांग लागते.

श्रीनगर-गुलमर्ग साधारण ५० किलोमीटर. टंगमर्गला पोलीस गाडी अडवतात. बर्फ असेल तर पुढचे १३ किलोमीटर साखळी लावलेली किंवा चारही चाकं ओढणारी गाडीच सोडतात, म्हणजे टंगमर्गला गाडी बदलावी लागते. श्रीनगरच्या टॅक्सीवाल्याशी ठरवतानाच विचारा: "टंगमर्गपर्यंत की वर हॉटेलपर्यंत?" हे न विचारल्यामुळेच तिथे भर थंडीत भाव करत उभं राहावं लागतं.

मोबाईल: महाराष्ट्रातलं प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही, पोस्टपेड चालतं. घरातलं एक तरी सिम निघायच्या आठवडाभर आधी पोस्टपेड करून घ्या.

औलीला जाणाऱ्यांसाठी: नाशिकरोडहून राजधानी किंवा मंगला धरून निजामुद्दीन, तिथून हरिद्वार किंवा ऋषिकेश. ऋषिकेश ते जोशीमठ सुमारे २५० किलोमीटर, पूर्ण दिवस जातो. पहाटे निघा, रात्री डोंगरात गाड्या सोडत नाहीत.

सातपूर_टूलरूम
साहित्यावर मी थोडं लांब लिहितो, कारण पहिल्या दिवशी रडकुंडीला येणाऱ्या दहातल्या आठ जणांचा दोष उताराचा नसतो, बुटाचा असतो.

स्कीच्या बुटाचं माप आपल्या चपलेच्या नंबरावर नसतं. ते सेंटिमीटरमध्ये असतं, त्याला मोंडो म्हणतात. घरी मोजून जा. भिंतीला टाच टेकवून कागदावर उभे राहा, सगळं वजन त्या पायावर, सर्वांत लांब बोटापुढे रेघ मारा आणि पट्टीने मोजा. दोन्ही पाय मोजा, संध्याकाळी मोजा, कारण दिवसभरात पाय फुगतो. २६.३ आलं तर २६.५ मागा. बाहेरचं प्लास्टिकचं कवच पूर्ण आकड्यालाच बदलतं, २६ आणि २६.५ चं कवच एकच असतं, फरक आतल्या मऊ अस्तराचा. भाड्याच्या बुटाचं अस्तर आधीच शेकडो पायांनी दबलेलं असतं, तेव्हा शंका असेल तर मोठा नाही, लहान घ्या. दुकानदार "आरामदायक है" म्हणून मोठा देईल. मोठ्या बुटात टाच वर उचलते, पाय आत वळतो पण स्की वळत नाही, आणि नडगी घासून सोलते.

तपासायचं असं: अस्तर बाहेर काढा, नुसत्या कवचात पाय घाला, बोटं पुढे टेकवा. टाचेमागे साधारण दोन बोटं जागा राहिली तर माप बरोबर. मग अस्तर घालून बूट घाला, टाच जमिनीवर दोनदा आपटा म्हणजे ती मागच्या खोबणीत बसते. गुडघे पुढे वाकवा आणि तसंच राहून आधी वरच्या दोन कड्या आवळा, खालच्या दोन नुसत्या लावा. ताठ उभं राहिलात तर बोटांची टोकं पुढे हलकी टेकायला हवीत, गुडघे वाकवले की सुटायला हवीत. खालच्या कड्या जोरात आवळल्या तर पावलाचं रक्त अडतं आणि बोटं गार पडतात. थंडीला दोष देतात, चूक कडीची असते.

मोजा एकच, पातळ, गुडघ्याखालपर्यंत येणारा. आतली थर्मल पँट बुटाच्या वरच संपली पाहिजे. तिची दुमड बुटात गेली की तासाभरात नडगीवर वळ उठतो.

आता बाइंडिंग. हे बूट आणि स्की यांना जोडणारं यंत्र. त्याचं खरं काम धरणं नाही, वेळेवर सोडणं आहे. पुढचा भाग पाय पिळला की बाजूला सोडतो, मागचा भाग टाच वर ओढली गेली की उघडतो. किती जोराला सोडायचं तो आकडा छोट्या खिडकीत दिसतो. तो ठरतो वजन, उंची, वय, कसब आणि बुटाच्या तळाची लांबी यांवर. ही लांबी टाचेजवळ मिलिमीटरमध्ये कोरलेली असते. म्हणून दुकानात वजन खरं सांगा आणि "पहिल्यांदाच" हे स्पष्ट सांगा. तुमच्यासमोर स्क्रूड्रायव्हर लावून आकडा बदलला नाही तर तो कालच्या गिऱ्हाइकाचा आहे असं समजा. नवऱ्याचा आकडा मुलाच्या स्कीवर राहिला तर पडल्यावर स्की सुटणार नाही आणि गुडघ्याचा लिगामेंट जाईल. तिघांतल्या कुणाचीही जोडी आपसात बदलू नका.

आणखी एक बघा. बुटाचा तळ दोन जातींचा असतो, जुना सपाट आणि नवा रबरी, चालायला सोपा. नव्या तळाला त्याला चालणारंच बाइंडिंग लागतं. दुकानात दोन्हींची सरमिसळ असते, विचारा.

स्कीची लांबी नवशिक्याला हनुवटीपर्यंत पुरे. कडेवरून नखाची पाठ हलकी फिरवा. नख खरवडलं गेलं तर धार आहे. गुळगुळीत किंवा गंजलेली लागली तर कडक बर्फावर ती कड धरणार नाही. पोल (हातातली काठी) उलटा धरून जाळीच्या खाली मूठ पकडा, कोपर काटकोनात आला की माप बरोबर.

पाथर्डी_फाटा
टूलरूमदादा, ही माहिती छापून ठेवावी अशी आहे. एक भर: स्की पायात घालण्याआधी बुटाच्या तळाला चिकटलेला बर्फ पोलच्या टोकाने खरवडून काढा. सुपारीएवढा गोळा राहिला तरी टाचेचं बाइंडिंग पूर्ण बसत नाही आणि पहिल्याच वळणावर स्की निघून जाते.

शरणपूर_रोड
कपड्यांचं. इथल्या तिबेटियन मार्केटमधले जाड जॅकेट हॉटेलात, बाजारात फिरायला उत्तम. स्की करताना मात्र नको. नवशिक्या दिवसातून वीस-तीस वेळा बर्फात बसतो. ते जॅकेट पाणी पितं, जड होतं आणि संध्याकाळी सुकत नाही. तीन थर घाला. अंगाला लागून लोकरीचं किंवा पॉलिस्टरचं थर्मल, सुती बनियन नाही, कारण सूत घाम धरून ठेवतं आणि थांबलात की अंग गार पडतं. मध्ये फ्लीस. वर पाणी आणि वारा अडवणारं पातळ कवच.

हरिहर-अंजनेरीला पावसात वापरता ती रेनपँट चालेल का, असं बरेच जण विचारतात. फ्लीसवर घातली तर पाणी अडवेल, पण गुळगुळीत नायलॉन बर्फावर तेलासारखं सरकतं. पडलात की थांबत नाही, खाली घसरत जाता. सपाट उतारावर हरकत नाही, वर जाताना स्कीची पँटच भाड्याने घ्या.

हातमोजे दोन जोड. ओले हातमोजे दुसऱ्या दिवशी घालायची वेळ आली की दिवस वाया जातो. मुलासाठी चार बोटं एकत्र असलेले घ्या, ते जास्त ऊब धरतात.

मेघा_इंदिरानगर
खूप खूप धन्यवाद! मोंडो आजच मोजते. दोन प्रश्न. सोलंगला दोन दिवसांत "स्कीइंग पॅकेज" स्वस्तात मिळतंय, ते कसं? आणि पाच दिवसांत नक्की काय शिकवतात? आधी कळलं तर मुलाची मानसिक तयारी करता येईल.

डोंगरवाट
सोलंग सुंदर आहे, मनालीपासून जवळ. अटल बिहारी वाजपेयी पर्वतारोहण संस्थेचे कोर्स तिथे होतात आणि ते चांगले. पण दोन दिवसांच्या "पॅकेज"मध्ये एका उतारावर शंभर माणसं, गमबूट, ओव्हरकोट, ढकलून सोडणं एवढंच असतं. त्याला स्की शिकणं म्हणवत नाही. तेच पैसे गुलमर्गला दीड दिवसाच्या इन्स्ट्रक्टरवर घाला. तिथे केंद्र सरकारची भारतीय स्कीइंग व पर्वतारोहण संस्थाही आहे, तिचे कोर्स लवकर भरतात, अर्जाचं लगेच बघायला लागा.

आता शिकण्याचा क्रम. पहिल्या दिवशी एकाच पायात स्की घालून सपाटीवर सरकणं, मग दोन्ही. पडायचं कसं ते आधी: मागे बसायचं नाही, बाजूला, कुशीवर पडायचं, पोल सोडून द्यायचे. हातात पोल घट्ट धरून पडलं की अंगठ्याचा सांधा जातो. उठताना स्की उताराला आडव्या करायच्या आणि उताराच्या खालच्या बाजूला ठेवायच्या, मगच वरच्या हाताने ढकलून उठायचं. स्कीची टोकं खाली राहिली तर अर्धं उठल्यावर पुन्हा घसरता. आडवं चढणं आणि चिमणीच्या पावलासारखं V करत चढणंही पहिल्याच दिवशी.

दुसरा दिवस पूर्ण स्नोप्लाऊचा. पुढची टोकं जवळ, मागची लांब, दोन्ही आतल्या कडा बर्फात किंचित दाबायच्या. वेग टाचा बाहेर ढकलून कमी होतो, मागे झुकून नाही. मागे झुकणं ही आपली उपजत भीती आहे आणि स्कीवर तीच घात करते: वजन मागे गेलं की टोकं हलकी होतात, वळत नाहीत आणि वेग वाढतो. नडगी सतत बुटाच्या पुढच्या जिभेवर दाबलेली राहिली पाहिजे. मुलाला एवढं एकच वाक्य शिकवा.

तिसऱ्या दिवशी वळण. डावीकडे वळायचं तर वजन उजव्या स्कीवर. ऐकायला उलटं वाटतं, पण बाहेरची स्कीच वळवते. सायकलचं हँडल वळवल्यासारखे खांदे वळवू नका, छाती खालच्या दिशेला ठेवा. चौथ्या-पाचव्या दिवशी वळणामागून वळण जोडणं आणि लिफ्टवरून उतरणं.

इन्स्ट्रक्टर ठरवताना तास ठरवा, दिवस नव्हे. दोन तास सकाळी, दोन दुपारी. दुपारी चारनंतर थकलेल्या पायांनी "शेवटची एक फेरी" करू नका. त्या वेळी बर्फ पुन्हा गोठून कडक झालेलं असतं आणि मांड्या साथ देत नाहीत.

औषधवाली_ताई
सासूबाईंसाठी. २,६५० मीटरवर सरळ जाऊन राहिलं की काहींना डोकेदुखी, मळमळ, झोप न लागणं होतं. श्रीनगरला (सुमारे १,६०० मीटर) एक रात्र काढून वर जा. पहिले दोन दिवस भरपूर पाणी, हलकं जेवण. गंडोलाचा पहिला टप्पा त्यांनी डॉक्टरांना विचारून जरूर करावा. दुसरा टप्पा टाळावा, काही मिनिटांत चार हजार मीटरच्या जवळ नेतो. उंचीच्या त्रासावरची अ‍ॅसिटाझोलामाइडची गोळी शेजाऱ्याने दिली म्हणून घेऊ नये. सल्फाची अ‍ॅलर्जी आणि बाकीची औषधं बघून डॉक्टरच सांगतील.

इन्सुलिन गोठलं की निकामी होतं, वितळल्यावरही वापरू नये. विमानात हातातल्या पिशवीत ठेवा, कारण खालच्या सामानात ते गोठू शकतं. बाहेर फिरताना पेन अंगाजवळच्या आतल्या खिशात. ग्लुकोमीटरही गारठ्यात चुकीचं दाखवतो किंवा एरर देतो, खोलीत येऊन हात गरम करूनच तपासा. बर्फात चालण्याने साखर झपाट्याने उतरते, खिशात तिळगूळ किंवा ग्लुकोज हवंच. मधुमेहात पायाची संवेदना कमी असेल तर गार पडलेलं बोट कळत नाही. रोज संध्याकाळी त्यांची पावलं तुम्ही स्वतः बघा.

आणि एक कळकळीची विनंती. रात्री बंद खोलीत कोळशाची शेगडी, कांगडी किंवा गॅसचा हीटर ठेवून झोपू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, माणूस झोपेतच जातो. बुखारी (खोली गरम करायची धुराड्याची शेगडी) असेल तर धुराडं बाहेर निघतंय ना, खिडकी किंचित उघडी आहे ना, ते बघा. झोपायला विजेचं ब्लँकेट पुरतं.

गंगापूर_रोड_रायडर
मी बरी स्की करतो. दुसऱ्या टप्प्यावरून गाइडशिवाय खाली यायचा विचार आहे. ताजं बर्फ पडल्यावर मजा येईल ना?

डोंगरवाट
नका जाऊ, दादा. अगदी मनापासून सांगतो. अफरवटचा ठराविक भागच गस्तीखाली असतो, तोही मोठ्या हिमवर्षावानंतर सुरुंग लावून तपासल्यावर उघडतात. त्या पलीकडचे घळीचे उतार ३० ते ४५ अंशांचे, म्हणजे हिमस्खलन सुटायला नेमके हवे तसे. फेब्रुवारी २०२३ मध्ये तिथे दोन पोलिश स्कीअर गेले, फेब्रुवारी २०२४ मध्ये एक रशियन. ती अनुभवी माणसं होती. ताजं बर्फ आणि वारा यांनंतरचे एक-दोन दिवस सर्वांत वाईट, कारण नवा थर जुन्यावर अजून बसलेला नसतो.

तरी जाणारच असाल तर परवानाधारक गाइड आणि प्रत्येकाकडे ट्रान्सीव्हर (गाडलेल्या माणसाचा ठाव देणारं रेडिओ यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी), फावडं या तिन्ही गोष्टी. बर्फाखाली गाडलेला माणूस वाचतो तो पहिल्या १०-१५ मिनिटांत. तेवढ्यात बाहेरची मदत येत नाही, बरोबरचा माणूसच खणतो. ट्रान्सीव्हर पाठपिशवीत नाही, अंगावर, जॅकेटच्या आत. चंदीगडच्या डीजीआरई या संरक्षण संशोधन संस्थेचं हिमस्खलन पत्रक रोज सकाळी बघा. आणि विमा काढताना हिवाळी खेळ वगळलेत का ते कलम वाचा, साध्या प्रवास विम्यात बहुधा वगळलेले असतात.

ओझरकर
गंडोलाचं तिकीट केबल कार महामंडळाच्या संकेतस्थळावरच काढा, नाव आणि ओळखपत्राच्या नंबरासकट. हॉटेल पक्कं झालं की लगेच. गेटवर "तिकीट आहे माझ्याकडे" म्हणणाऱ्यांकडून घेऊ नका, ओळखपत्र जुळत नाही. वारा सुटला की दुसरा टप्पा बंद ठेवतात, म्हणून तो दिवस शेवटी न ठेवता मध्ये ठेवा.

शरणपूर_रोड
तयारी आजपासून करा, सहा आठवडे आहेत. पांडवलेणी चढणं नाही, उतरणं महत्त्वाचं: सावकाश, प्रत्येक पायरीवर गुडघा वाकवून, तीन फेऱ्या. स्की करताना मांडीवर अगदी तसाच ताण येतो. घरी भिंतीला पाठ टेकवून खुर्चीसारखं बसणं, ४५ सेकंद, तीनदा. मुलगा इनलाइन स्केटिंग करत असेल तर तो तुमच्या आधी शिकेल.

मेघा_इंदिरानगर
शेवटचा प्रश्न. ह्यांना चष्मा आहे. गॉगलमध्ये धुकं बसतं म्हणतात, खरं का?

सातपूर_टूलरूम
खरं आहे. चष्म्यावर बसणारा, दुहेरी काचेचा गॉगल घ्या, कडेला चष्म्याच्या काडीसाठी खाच असते. गॉगल कपाळावर चढवू नका. घामाची वाफ थेट काचेच्या आत जाते आणि गोठते. तो डोळ्यांवर किंवा मानेला. आतली काच बोटाने किंवा मफलरने पुसायची नाही, तिच्यावर धुकं अडवणारा पातळ थर असतो, तो निघतो. झटका, खोलीत हवेवर सुकू द्या.

काचेवर S आणि आकडा असतो. लख्ख उन्हात S3, ढगाळ दिवसाला S1. ढगाळ दिवशी गडद काच घातली तर उताराचे उंचवटे दिसतच नाहीत. बिनागॉगल मात्र अर्धा तासही नको. उंची दर हजार मीटर वाढली की अतिनील किरण सुमारे १० टक्के वाढतात आणि ताजं बर्फ त्यांतले ८० टक्क्यांपर्यंत परत वर फेकतं. म्हणून सनस्क्रीन हनुवटीखाली आणि नाकपुडीच्या खालूनही लावा.

रात्री बुटांची अस्तरं बाहेर काढून सुकवा, बुखारीला चिकटवून नाही, हातभर लांब. सकाळी कवच गार असेल तर ते उघडत नाही आणि मुलाचा पाय आत जात नाही. रात्री बूट खोलीत, कड्या सैल लावून ठेवा.